नाथाचं डोकं, खंडेरावांचं नाव

माझे मोठे मामा खंडेराव यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं नामपुरात पायलीला पन्नास मिळतील. मी त्यांतली नाही. भाचीनं मामाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मामानं कसं वागावं याबद्दल मात्र कुणी काही म्हणत नाही.

मामांचा धंदा काय, असं शाळेत कुणी विचारलं की मी अडखळायचे. शेती होती, पण ती धाकटे नाथामामा बघायचे. मामा रोज कांदा मार्केटात दिसायचे, पण त्यांनी ना कधी कांदा घेतला ना विकला. ते ओळखी करायचे. कुणाचा दाखला अडला, कुणाचा प्रवेश हुकला, कुणाच्या ट्रॅक्टरचं पासिंग राहिलं, की तो माणूस मामांच्या ओट्यावर येऊन बसायचा. मग मामा डाळिंबाची पेटी घेऊन साहेबाकडे जायचे. पेटी त्या अडलेल्या माणसाच्याच बागेतली. साहेबासमोर पोहोचले की घरची अहिराणी दाराबाहेर चपलांजवळ ठेवायचे आणि पुण्याची मराठी बोलायचा प्रयत्न करायचे. ऐकणाऱ्याला घाम फुटावा अशी ती मराठी. दाखला बऱ्याचदा आधीच सही होऊन पडलेला असायचा, पण गावात बोलबाला व्हायचा, खंडेरावांनी काम केलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

त्यांचा खास हातखंडा म्हणजे डमी. परीक्षेला एकाच्या नावावर दुसरा बसवायचा. यात आपण काही वाईट करतो असं त्यांना कधी वाटलं नाही, उलट अडल्यानडल्याची सोय करतो असं वाटायचं. घरातले कायमचे डमी नाथामामा. दोघा भावांचं नाक एक, मिशी एक, मामांकडे फक्त तोरा जास्त. मामांना गाडीचं लायसन्स हवं होतं तेव्हा साहेबासमोर गाडी चालवून दाखवली नाथामामांनी. एकदा साळूमामी फार आजारी पडली, तेव्हा मामांनी सप्तशृंगीला पायी येण्याचा नवस बोलला. मामी बरी झाली. चैत्रात नामपूरहून चालत गेले नाथामामा आणि मामा जीपनं वर जाऊन पेढे वाटून आले. नवस एकाचा, फोड दुसऱ्याच्या पायाला. मी लहान होते, तरी विचारलं, की मामा, देवीला कळत नाही का? मामा म्हणाले, "तिले नाव लागस, पाय कोन पाहस?" सगळे हसले. मामीसुद्धा हसली, कारण मामा बोलले की हसायचं, हे तिला लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं.

मी नाशकात एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआयची टेक्निशियन आहे. ही नोकरीही मामांनी लावली, असं नामपुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला तेवढं माहीत नाही. मी कोर्स केला, मुलाखत दिली आणि लागले. पण मामांच्या राज्यात कुणी आपल्या पायावर उभं राहिलं तर तो मामांचा अपमान.

अशा माणसाचा उजवा हात थरथरू लागला. आधी त्यांनी तो खिशात घातला. मग मार्केटात चहा घेताना कप डुचमळायला लागला आणि एके दिवशी सगळ्या व्यापाऱ्यांसमोर चहा पांढऱ्या शर्टावर सांडला. कुणीतरी मागून म्हणालं, सकाळीच घेतली वाटतं. मामा आयुष्यात कधी दारू प्यायले नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी मार्केट सोडलं. नाशकातल्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला, गोळ्या सुरू झाल्या. थोडे दिवस बरं वाटलं. मग पावलं आखूड झाली आणि साहेबासाठी सदा तयार ठेवलेलं ते हसू चेहऱ्यावरून गेलं. ते गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. जेवताना मामी भरवायची, शर्टाची बटणं मामी लावायची, आणि तिची स्वतःची पाठ तेव्हा इतकी धरलेली होती की ती भिंतीला हात लावून उठायची.

मग त्यांना कुणी तरी मोबाइलवर ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला. मेंदूत बारीक तार घालतात, छातीत बॅटरी बसवतात, यंत्र चालू केलं की थरथरणारा हात थांबतो. त्यातला माणूस काठोकाठ भरलेला कप उचलून तोंडाला लावतो. मामांनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की त्यातल्या माणसाचा शर्टही त्यांना पाठ झाला. आता एकच ध्यास. ऑपरेशन करायचं, मार्केटात जायचं, सगळ्यांसमोर चहा प्यायचा. मामीलाही तेच हवं होतं. तिला मार्केटशी घेणं नव्हतं. माणूस आपल्या हातानं जेवला तर आपली पाठ जरा टेकेल, एवढंच तिचं म्हणणं होतं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हात थांबेल, पण डोकं शाबूत असेल तरच हे ऑपरेशन करायचं. या आजारात काहींची स्मरणशक्ती आणि समज हळूहळू उतरते. तसं सुरू झालं असेल तर तार घातल्यावर हात सुधारतो आणि डोकं आणखी खाली जातं. म्हणून आधी मेंदूचा एमआरआय करा, मग आमच्या मॅडम स्मरणशक्तीची चाचणी घेतील. दोन्ही बघून ठरवू.

कुणालाही यातून कळेल, की चाचणी आपल्या भल्यासाठी आहे. मामांना कळलं ते असं, की दोन पेपर आहेत आणि पास व्हायचंय.

स्कॅनला ते माझ्याच सेंटरला आले. कुठं जाणार? भाची आत बसलेली. आल्या आल्या रिसेप्शनवर विचारलं, "नंबर लावायची गरज नाय ना?" मी नंबर लावायला लावला. मग कमरेचा चांदीचा करगोटा काढायला नाही म्हणाले, दंडाचा ताईत काढायला नाही म्हणाले. मशीनमध्ये धातू चालत नाही म्हटलं, तर म्हणे, "तू सांगशील तर चालंल." मशीन काय माझा चुलत सासरा आहे? शेवटी मामीनं दोन्ही सोडवून आपल्या पदराच्या गाठीत बांधले.

मी त्यांच्या डोक्याभोवती मशीनचा तो पिंजरा बसवत होते तेव्हा मामांनी माझा हात धरला. हात थडथड उडत होता. "हर्षे, फोटो जरा चांगला काढजो."

"मामा, हा लग्नाचा फोटो नाहीये."

"तरी पन. आपलं मानूस म्हनून."

हलू नये म्हणून त्यांना झोपेचं औषध दिलं. झोपेत हात थांबतो. मशीन ठोकायला लागलं आणि काचेपलीकडं मामा शांत पडून राहिले. इतका वेळ गप्प असलेले मामा मी पहिल्यांदाच पाहिले. मामी काचेच्या अलीकडं माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाली, "हर्षा, त्यास्ले मांजर दिसते."

"कुठलं मांजर?"

"टीव्हीवर बसेल. आपल्या घरात मांजर नाय. आन परवा मला म्हणे, मळ्यातली वाट कोनती? मळ्यात जन्म गेला यांचा. डाक्टरला सांगू नको बाई. ऑपरेशन अडवतील."

म्हणजे घरातल्या घरात आधीच एक पेपर दडवलेला होता. मला मामीचा राग आला, तो तिच्या पाठीकडं बघून गिळला.

रिपोर्ट आम्ही लिहीत नाही, तो वरचे डॉक्टर लिहितात. पण रोज डोकी बघून डोळ्यांना सवय होतेच. नुसत्या कंपाचं साध्या स्कॅनमध्ये काही दिसत नाही. दिसतं ते मेंदूचं आटणं. मामांच्या मेंदूवरच्या घड्यांमधल्या फटी रुंदावल्या होत्या, आतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झाल्या होत्या आणि आठवणी जिथं जमतात तो भाग दोन्ही बाजूंना बारीक झाला होता. बाहेरून टवटवीत डाळिंब फोडावं आणि आत दाणे सुकलेले निघावेत, तसं. वयानं थोडं सगळ्यांचंच आटतं. हे जास्त होतं आणि रिपोर्टमध्येही तसंच आलं.

मामांनी रिपोर्ट ऐकून घेतला आणि मलाच दोष दिला. हात हलला म्हणून फोटो बिघडला, म्हणे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं कर. नाथाले झोपव त्या मशीनमध्ये, नाव माझं टाक."

मला आधी वाटलं थट्टा आहे. मग त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. थट्टा नव्हती.

"मामा, हा दहावीचा पेपर नाही. मेंदू तुमचा आटलाय. नाथामामांचा फोटो लावून तुमचं डोकं भरून येणार आहे का? तार तुमच्याच डोक्यात घालणार ना? की तिथंही नाथामामांनाच पाठवताय?"

"लय शिकली तू," ते म्हणाले आणि माझ्याकडं पाठ करून बसले. मी नाथामामांना दम दिला, की असलं काही केलंत तर याद राखा. नाथामामा मान खाली घालून जमिनीकडं बघत राहिले. त्या माणसाला नाही म्हणता येत नाही. लहानपणी बैलानं डोक्यात लाथ मारली तेव्हाही तो बैलालाच आधी पाणी पाजून मग घरी आला होता, असं आई सांगायची. अशी माणसं असतात म्हणून तर मामांसारखी माणसं पोसली जातात.

दुसरा पेपर फोडायला मामांना फार कष्ट पडले नाहीत. सटाण्याच्या एका ओळखीच्या माणसाच्या वडिलांची तीच चाचणी झाली होती. त्यानं फोनवर सगळं सांगितलं. पाच शब्द सांगतात, थोड्या वेळानं परत विचारतात. घड्याळ काढायला लावतात. शंभरातून सात सात वजा करायला लावतात. त्या माणसाच्या वडिलांना आलेले शब्दही त्यानं दिले. कंदील, मोर, शाळा, लिंबू, निळा. झालं. नामपूरच्या त्या घरात शाळा भरली. मामी भाकरी थापताना विचारायची, "पयला?" आणि मामा ओट्यावरून ओरडायचे, "कंदील!" नाथामामांकडं वजाबाकी. आयुष्यभर दुसऱ्यांना आयते पास करणारा माणूस पहिल्यांदाच स्वतः अभ्यासाला बसला, आणि बसला तो फुटलेल्या पेपरचा. मला हे सगळं मामीनं कौतुकानं फोनवर सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

चाचणीच्या दिवशी मामांनी मला बरोबर बोलावलं. आपलं माणूस त्या लायनीतलं आहे हे डॉक्टरांना दिसायला हवं, एवढ्यासाठीच. मांडीवर डाळिंबाची पेटी. डॉक्टरांनी ती हात न लावता परत केली, तेव्हा मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच आधी सांगून ठेवलं नाही.

चाचणी घेणाऱ्या अरफा मॅडम तरुण होत्या, मालेगावच्या, बोलायला फार गोड. मामीला आणि मला मागच्या खुर्च्यांवर बसू दिलं, फक्त मध्ये बोलायचं नाही या अटीवर. नाथामामा दारात उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "काका, घाबरायचं नाही. मी आता तुम्हाला पाच शब्द सांगणार आहे. ते नीट ऐकायचे आणि—"

"कंदील, मोर, शाळा, लिंबू, निळा," मामा म्हणाले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, मी अजून सांगितलेच नाहीत."

"आपल्याला आधीच म्हाईत असतंय," मामा म्हणाले. आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, साहेबासमोरचं हसू उमटलं.

मामीनं पदर तोंडाला लावला. मला हसू यायला हवं होतं. बेत करताना जो माणूस एवढा बेरकी, त्याला उत्तर कधी द्यायचं तेवढंच कळलं नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी दुसरे पाच शब्द सांगितले, मामांकडून म्हणवून घेतले, मग घड्याळ काढायला लावलं. मामांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीनं बसवले. थोड्या वेळानं मॅडमनी विचारलं, "मघाचे शब्द आठवतात का?"

"कंदील, मोर, शाळा, लिंबू, निळा."

एवढं होऊनही मामांचा हुकमी पत्ता बाकी होता. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर त्यांनी मामीला खूण केली आणि मामीनं पिशवीतून एक नवा एमआरआय काढला. धुळ्याकडच्या कुठल्याशा सेंटरचा. मी नाथामामांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते.

"पयला खराब आला व्हता साहेब, हात हलला म्हनून," मामा म्हणाले. "हा पाहा. हा धरा."

म्हणजे जो बरा आला तो जोडायचा. दोनदा परीक्षा दिली तर जास्त मार्कांचं सर्टिफिकेट लावतात ना, तसं. नाशिक जिल्ह्यात इतकी माणसं आहेत, पण मेंदूची इम्प्रूव्हमेंट देणारे माझे मामा एकटेच.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारीशेजारी उजेडावर लावल्या. बराच वेळ बघत राहिले. एकीकडं आटलेला मेंदू आणि दुसरीकडं, महिन्याभरानं काढलेला, भरगच्च. डॉक्टरांनी नव्या फिल्मवर कवटीजवळच्या एका जागी बोट ठेवलं. "यांना लहानपणी डोक्याला जोराचा मार लागला होता का?"

दारात उभ्या नाथामामांचा हात आपोआप कानामागं गेला.

डॉक्टरांनी ते पाहिलं. ते खुर्चीत मागं टेकले आणि नाथामामांना म्हणाले, "तुमचा मेंदू चांगला आहे, काका. पण ऑपरेशन तुम्हाला करायचं नाहीये." मग मामांकडं वळून त्यांनी सांगितलं, की ऑपरेशन करता येणार नाही. यात शिक्षा नाही. केलं तर हात थांबेल आणि घरच्यांची ओळखही जाईल. गोळ्या बदलून देतो. घरी काय काय दिसतं, काय काय होतं, ते खरं सांगा, म्हणजे मला उपाय करता येईल.

तेव्हा मामीनं मांजराचं सांगितलं. इतक्या दिवसांनी, इतक्या हळू, की डॉक्टरांना पुढं वाकावं लागलं.

मामा गाडीत बसले. मग म्हणाले, "वळख कमी पडली." नाशिक सोडल्यापासून चांदवडचा घाट येईपर्यंत ते हेच बोलत राहिले म्हणे. लबाडी पकडली गेली, याची लाज नाही. मोठ्या साहेबाला गाठायला हवं होतं, याची चुटपुट. मी घरी येऊन आईला म्हटलं, तुझा भाऊ मेंदू आटला तरी सुधारणार नाही. आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

चैत्रात मी नामपूरला गेले. खरं म्हणजे मामीसाठी गेले. तिला कमरेचा पट्टा हवा होता. मामा ओट्यावर खुर्चीत बसलेले होते, शर्टाची बटणं नीट लावलेली, केस विंचरलेले. नवीन गोळ्यांनी मांजर गेलं होतं, कंप मात्र तसाच होता. कुणी काम घेऊन येत नव्हतं. ज्यांची कामं केली म्हणायचे, त्यांतलं एकही माणूस त्या ओट्यावर दिसलं नाही, आणि मामी म्हणाली, दिवाळीपासून हे असंच आहे. पुण्याची मराठी कधीच गेली होती. मामा आता त्यांच्या आईची अहिराणीच बोलत.

मामी चहा आणायला आत गेली, तशी मामांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकले. त्यांनी आत बघून, कुणी ऐकत नाही याची खात्री करून, कानात सांगितलं, "हाई मनी साळू नही शे."

"मग कोण आहे, मामा?"

"डमी. डमी बसाडेल शे." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाक तेच, लुगडं तेच. पन ती नही. खरी साळू कोठे शे, ते पाहा ना जरा. तुनी वळख शे ना नाशिकले?"

हे वाक्य मी आयुष्यभर तिरस्कारानं ऐकत आले. तुझी ओळख आहे ना. त्या ओळखीपायी मामांनी कुणाकुणाच्या जागी कुणाकुणाला बसवलं, याचा मला अजून राग आहे आणि तो जाणार नाही. पण त्यांनी माझा हात धरला होता आणि तो हात उडत होता. मी म्हटलं, "पाहते, मामा. सांगते कुणाला तरी."

मामी दारात कप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काही नवं नव्हतं, म्हणजे हे रोजचंच असणार. ती भिंतीला हात लावत ओट्यावर आली, मामांच्या खुर्चीशेजारी बसली आणि कप त्यांच्या ओठांपाशी धरला. मामांनी तोंड बाजूला घेतलं. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसं परीक्षेला बसवायच्या पोराला न्याहाळायचे, आणि विचारलं, "तुले काय दिधं त्यास्नी?"

"काहीच नही," मामी म्हणाली.

"फुकट बसनी?"

"हां. फुकटच."

मामा माझ्याकडं वळून, खूश होऊन म्हणाले, "बाई चांगली शे." आणि त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला.